मंदूबला इंग्रजी शिकवू की कॉम्प्युटरला अरबी? (लिनक्स, ओमान)

सोहारचा_सातारकर

नमस्कार मंडळी, थोडं लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या.

मी ओमानमध्ये सोहारला एका ट्रेडिंग कंपनीत आयटी बघतो. आयटी म्हणजे काय, सर्व्हरपासनं ते प्रिंटरमध्ये अडकलेल्या कागदापर्यंत सगळं माझ्याच गळ्यात. ऑफिसात चाळीसेक माणसं, निम्म्याहून जास्त आपलीच, मल्याळी आणि मराठी, बाकी ओमानी आणि दोन इजिप्तचे अकाउंटंट. मागच्या वर्षी ऑफिस सॉफ्टवेअरच्या लायसन्सचं बिल आलं ते बघून अरबाब (इकडं मालकाला अरबाबच म्हणतात) मला म्हणाला, तू सारखं ते फुकटचं लिनक्स लिनक्स करतोस ना, मग टाक. म्हणलं फुकटचं नाही, मुक्त, म्हणजे आतला कोड कोणीही बघू आणि बदलू शकतो असं. तो म्हणाला पैसे पडतात का? म्हणलं नाही. मग झालं तर, म्हणाला.

१४ मशीनवर लिनक्स (विंडोजसारखीच, पण मुक्त प्रणाली) आणि एक मुक्त ऑफिस पॅकेज टाकलं. नाव घेत नाही, उगाच त्यांच्या नावानं खडे नको फोडायला. आपल्या लोकांनी दोन दिवस कुरकुर केली आणि तिसऱ्या दिवशी गपगुमान कामाला लागली. घोडं अडलं ते आमच्या मंदूबपाशी. मंदूब म्हणजे कंपनीची सरकारदरबारची कामं करणारा माणूस, व्हिसा, लेबर कार्ड, परवाने सगळं तोच बघतो, दिवसाला पाच-सात पत्रं लिहितो आणि अर्थातच अरबीत.

आठवड्याभरानं एका सरकारी खिडकीवरनं त्याचं पत्र परत आलं. जावक क्रमांक त्यानं टाइप केलेला २४-७०१, कागदावर उमटलेला ७०१-२४. त्यानं लाल पेनानं त्याला गोल केला, कागद माझ्या कीबोर्डवर ठेवला आणि "शूफ" एवढंच बोलला. शूफ म्हणजे बघ. मी बघितलं. मला अरबी वाचता येत नाही पण आकडे कळतात, आणि ते खरंच उलटे होते. वर त्याचा नेहमीचा फॉन्ट लिनक्सवर नाही, त्यामुळं एका पानाचं पत्र सव्वा पानावर गेलेलं आणि सही-शिक्क्याची जागा दुसऱ्या पानावर एकटीच बसलेली. जुन्या पॅकेजमध्ये असं कधी होत नव्हतं हे त्यानं मला चारचारदा ऐकवलं.

आता अरबाब म्हणतो ६०० रियाल देतो, दोनपैकी एक कर. एकतर कोणाला तरी धरून सगळं अरबी करून घे, मेनू, हेल्प, शिकायचं पुस्तक, सगळं. नाहीतर पाच ओमानी पोरांना इंग्रजीच्या क्लासला घाल म्हणजे पुढं कुठलंही सॉफ्टवेअर आलं तरी रडगाणं नको. मला स्वतःला दुसरं पटतंय, मी झेडपीच्या शाळेतनं येऊन इंग्रजी शिकलोच की, मरणाचा त्रास झाला पण शिकलो. पण मंदूब पन्नाशीचा आहे आणि त्याचा चेहरा बघितला की आत कुठंतरी टोचतंय. काय करू?

रोखठोक_नाना

इंग्रजी शिकवा. विषय संपला.

आपल्याकडे इंग्रजीला वाघिणीचं दूध म्हणून गेलेत लोक, ते काय उगाच? आणि मुक्त सॉफ्टवेअरमध्ये तर ते दुप्पट खरं आहे. एरर येणार इंग्रजीत, तो सर्चला टाकायचा इंग्रजीत, बग कळवायचा इंग्रजीत, मॅन्युअल इंग्रजीत, कमांड म्हणजे इंग्रजीचेच मोडके तुकडे. मेनू अरबी केलात म्हणजे दारावर अरबी पाटी लावलीत, आत घर इंग्रजीच आहे. उलट एररचा अनुवाद केलात तर अजून वाट लागेल, तो अनुवाद सर्चला टाकून काय सापडणार, कपाळ?

माझंच सांगतो. एका १ मे ला हौसेनं फोन मराठीत केला. तासाभरात घाम फुटला. जे शब्द होते ते मराठी होते असं म्हणतात, मला तरी ते कुठल्या तरी जीआर मधले वाटले. परत इंग्रजीत यायचं तर भाषा बदलायची जागा सापडेना, शेवटी नातीनं नुसती चित्रं बघून दोन मिनिटांत केलं आणि वर "आजोबा, कशाला?" असं विचारलं. अरबीचं वेगळं काय होणार? चार पंडित बसणार, शब्द पाडणार, आणि ते ज्याच्यासाठी पाडले तो माणूस कम्प्युटरला कम्प्युटरच म्हणणार.

६०० रियाल क्लासला घाला. मेनूचा अनुवाद पुढच्या व्हर्जनला जुना होईल, इंग्रजी नाही होणार.

जुबेलची_ताई

नाना, नमस्कार, पण तुम्ही विषय संपला म्हटलं म्हणून तो संपत नाही :)

मी सौदीत जुबेलला नऊ वर्षं आहे, कंपन्यांना ईआरपी, म्हणजे हिशोब, माल, पगार सगळं एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर, बसवून द्यायचं काम करते. इथे हा प्रश्न आवडीनिवडीचा नाहीच. सौदीत व्हॅटचं इनव्हॉइस अरबीत असावंच लागतं, सोबत इंग्रजी चालतं, नुसतं इंग्रजी चालत नाही. ४ डिसेंबर २०२१ पासून ई-इनव्हॉइस सक्तीचं झालं तेव्हा आमच्याकडे फोनवर फोन, कारण लोकांची सॉफ्टवेअर बिलं छापायची इंग्रजीत आणि अरबी वरून चिकटवलेलं असायचं. आता बघा, आमच्या गिऱ्हाइकांचे अकाउंटंट बहुतेक केरळचे नाहीतर फिलिपिन्सचे, इंग्रजी त्यांना उत्तम येतं. तरी सॉफ्टवेअरला अरबी यावं लागलंच ना?

तेच मंदूबचं. उद्या तो बीबीसीसारखं इंग्रजी बोलायला लागला तरी खिडकीवर द्यायचं पत्र अरबीतच लिहिणार. त्याची अडचण मेनू कळत नाही ही नाहीच आहे, तो काही नवीन माणूस नाही, आयकॉन त्याला पाठ असतील. त्याची अडचण आहे की त्याचं पत्र बिघडतंय. त्याला इंग्रजी क्लासला पाठवणं म्हणजे दुखतंय पोट आणि औषध देताय डोळ्यात.

आणि लोकलायझेशन, म्हणजे सॉफ्टवेअर त्या त्या भाषेत आणि देशात बसवणं, म्हटलं की लोकांना फक्त शब्द दिसतात. सातारकर भाऊ, तुमच्या रियालचे पैसे किती? १००० बैसा. कुवेती आणि बहारीनी दिनारचे पण १००० फिल्स. म्हणजे दशांशानंतर तीन आकडे. एका गिऱ्हाइकाच्या कुवेतच्या शाखेत कोणीतरी आधीच एक प्रोग्राम बसवून गेलेलं, त्यात दोनच दशांश ठोकून बसवलेले, दर ओळीला दोन-चार फिल्स इकडेतिकडे, आणि महिनाअखेरीस बँकेशी ताळा म्हणून बसेना. तीन दिवस मी एकेक पावती धरून बसले होते. त्यात भाषेचा काही संबंध? शब्द सगळे इंग्रजीच होते. सुट्टीचंही तेच, सौदीत २०१३ च्या जूनमध्ये गुरुवार-शुक्रवारची सुट्टी शुक्रवार-शनिवार झाली, अमिरातीत २०२२ च्या जानेवारीपासून शनिवार-रविवार. कॅलेंडरात हे कोणीतरी दर वेळी जाऊन बदलावं लागतं, मुक्त सॉफ्टवेअरमध्ये निदान ते तुम्ही-आम्ही बदलू तरी शकतो. आपल्या मुंबईत तयार झालेलं ईआरपीनेक्स्ट हे मुक्त ईआरपी इकडे जागोजागी दिसतं त्याचं मला तरी हेच कारण वाटतं, पैसे वाचतात हे आहेच, पण सौदीचा नियम आला की सौदीतलाच कोणीतरी त्यात बसवून मोकळा होतो, कंपनीच्या पुढच्या व्हर्जनची वाट बघत बसत नाही.

अजून एक, अरब म्हणून सगळ्यांचा एकच गठ्ठा बांधू नका. मोरोक्को, अल्जेरिया, ट्युनिशियात इंग्रजी शिका म्हटलं तर ते म्हणतील आधीच फ्रेंच शिकलोय, अजून किती? उलट दमास्कस विद्यापीठात डॉक्टरकीसुद्धा १९१९ पासून अरबीत शिकवतात.

एक विचारते, रागावू नका. मेनू अरबी झाला तर जास्त अडचण कोणाला, मंदूबला की तुम्हाला? मला पहिल्यांदा अरबी मशीनसमोर बसवलं तेव्हा स्क्रोलबार डावीकडे, मागे जायचा बाण उजवीकडे तोंड करून, बंद करायची फुली डाव्या कोपऱ्यात. दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात चहा करायला गेल्यासारखं झालं, सगळं आहे पण हाताला काहीच लागत नाही. म्हणून मी सहा महिने सगळ्यांना इंग्रजीच ठेवा म्हणून सांगत होते. सोय माझी होती.

कॅम्पातला_मास्तर

ताईंच्या शेवटच्या वाक्याला एक नमस्कार.

मी पुण्यात कॅम्पात कॉम्प्युटरचे क्लास घेतो, येमेन, इराक, सुदानची पोरं बरीच असतात, कित्येक तर आधी फक्त इंग्रजी शिकायलाच पुण्यात येतात. आमच्या लॅबच्या कीबोर्डवर अरबी अक्षरं नाहीत, तरी ही पोरं घरच्यांशी धडाधड टाइप करत असतात, रोमन अक्षरात अरबी, आणि मध्येच आकडे. आधी मला वाटलं काहीतरी पासवर्ड आहे. मग एकानं समजावलं, ऐन नावाचं अक्षर रोमनमध्ये नाही, ते दिसायला इंग्रजी तीनच्या आकड्यासारखं, फक्त उलटं, म्हणून तिथे तीन. घशातला ह सातसारखा दिसतो म्हणून सात. कीबोर्डनं अरबी दिली नाही तर यांनी आकड्यांतनं अरबी काढली. आपण रोमनमध्ये मराठी बडवतो त्याचाच भाऊ.

आता नानांच्या बाजूनं. ही पोरं वर्षभरात कामापुरतं इंग्रजी शिकतात हे खरंय, आणि शिकली की एरर वाचतात हेही खरंय. पण पॉइंटरसारखा प्रोग्रामिंगमधला अवघड भाग शिकवला की घरी जाऊन अरबीतला व्हिडिओ बघून येतात आणि मग मला शंका इंग्रजीत विचारतात. समजून घ्यायची भाषा एक आणि विचारायची एक. यातली कुठली काढून टाकायची ते मला तरी सांगता येणार नाही.

गंमत सांगतो, एका पोरानं अरबीत नोट्स काढल्या, त्यात जिथे जिथे सी प्लस प्लस (प्रोग्रामिंगची एक भाषा) लिहिलेलं तिथे तिथे प्लस प्लस सी झालेलं. तो बिचारा महिनाभर समजत होता की या दोन वेगवेगळ्या भाषा आहेत.

फॉन्टवेडा

सातारकर, आधी तुझं जावक क्रमांकाचं मिटवू, मग भांडायला येतो.

यात त्या पॅकेजची चूक नाही, मंदूबचीही नाही. अरबी उजवीकडून डावीकडे जाते पण त्यातले आकडे डावीकडून उजवीकडेच, तर एका ओळीत दोन्ही आलं की कोण कुठे बसणार याचे युनिकोडचे, म्हणजे जगातल्या सगळ्या लिप्यांसाठीच्या सामाईक मानकाचे, ठरलेले नियम आहेत. अरबी अक्षरांच्या मागे आकडे आले आणि दोन आकड्यांत तिरकी रेघ असेल तर नियम म्हणतो हे सगळं मिळून एकच, मोडू नका. म्हणून त्याची तारीख नीट येते. पण मध्ये आडवी रेघ असेल तर नियम म्हणतो हे दोन वेगळे आकडे, आणि मग ते ओळीच्या दिशेनं, म्हणजे उजवीकडून मांडले जातात. झालं ७०१-२४. उपाय दोन. क्रमांकाच्या आधी डावीकडून-उजवीकडे अशी एक अदृश्य खूण घालता येते, इन्सर्ट मेनूत फॉर्मॅटिंग मार्कमध्ये बघ. किंवा त्याला सांग आडवी रेघ सोड, तिरकी मार. मास्तरांच्या पोराचं प्लस प्लस सी पण याच भावकीतलं, तिथे प्लसला स्वतःची दिशा नसते, मागून अरबी आलं की ते तिकडे ओढलं जातं. तिथे खूण शेवटच्या प्लसनंतर घालायची.

आता मुद्द्यावर. मी दहाबारा वर्षं मराठी लोकलायझेशनमध्ये हात काळे केलेत आणि माझं मत असं की हा वाद मुळात मेनूचा नाहीच, आणि अरबीवाल्यांना हे आपल्या कितीतरी आधी कळलं. २००१ मध्ये अरबआईज नावाचा प्रकल्प सुरू झाला, वेगवेगळ्या देशांत विखुरलेले स्वयंसेवक, केडीई आणि नोम या लिनक्सच्या डेस्कटॉपचं भाषांतर करायला एकत्र आलेले. शब्द बसवायला गेले तर लक्षात आलं की खाली जमीनच नाही. अरबी अक्षर शब्दात सुरुवातीला, मध्ये, शेवटी आणि एकटं असताना वेगवेगळं दिसतं, ते जोडणारं काहीतरी पाहिजे. फॉन्ट पाहिजेत. स्पेलचेकर पाहिजे, तो त्यांनी दुआली म्हणून केला. टर्मिनलचं (कमांड टाइप करायची खिडकी) दुखणं तर वर्षानुवर्षं चाललं, नोमच्या टर्मिनलला दोन्ही दिशांचं नीट समजायला २०१९ उजाडलं.

शिवाय यांना मोकळं मैदान मिळालेलं नव्हतं. कुवेतच्या सख्र कंपनीनं १९८० च्या दशकातच अरबी येणारे घरगुती कॉम्प्युटर विकले, अरबी विंडोज ३.१ च्या काळापासून आहे. म्हणजे मंदूबच्या वयाच्या माणसानं आयुष्यभर पैशाच्या सॉफ्टवेअरमध्ये बरी अरबी बघितलेली आहे, त्याला मुक्तचं तत्त्वज्ञान सांगून उपयोग नाही, त्याचं पत्र आधीइतकं तरी नीट यायला पाहिजे. मराठीत उलटं होतं, कोणाकडेच धड काही नव्हतं म्हणून आपण जे मिळालं त्यावर खूश.

नाना, "चार पंडित शब्द पाडणार" हे अर्धं खरं आहे. कॉम्प्युटरला अरबीत कुठे "हासूब", कुठे "हासिब आली", बोलताना कम्प्युटर, आणि मोरोक्कोत फ्रेंचवरनं ऑर्दिनातर. भाषांतराच्या यादीवर यावरनं भांडणं होणारच. आपल्याकडे पुण्यात फ्युएल म्हणून एक उपक्रम सुरू झाला, रोज दिसणारे शब्द सगळ्या प्रोग्राममध्ये एकच असावेत म्हणून बसून ठरवायचे. अशाच एका बैठकीला मी होतो. फाइलला संचिका की धारिका यावर चहाच्या दोन फेऱ्या झाल्या, शेवटी चहा घेऊन आलेल्या काकांना विचारलं तर ते म्हणाले "फाइलच म्हणा की साहेब, आम्ही पण फाइलच म्हणतो". तो दिवस मी विसरत नाही.

पण शब्द ठरला तरी पुढचं बघा. मराठीत १ फाइल, २ फायली, संपलं, भाषांतराच्या फाइलीत दोन रकाने. अरबीत सहा. फाइलला मिलफ्फ म्हणतात. शून्य असतील तर वेगळं वाक्य. एक असेल तर मिलफ्फ. दोन असतील तर आकडा लिहायचाच नाही, मिलफ्फान म्हटलं की दोन आलेच. तीन ते दहा असतील तर मिलफ्फात. अकरा झाले की परत एकवचनासारखं, मिलफ्फन, ते थेट नव्याण्णवपर्यंत. शंभर म्हटलं की मिलफ्फ. आणि एकशे तीन झाले की पुन्हा मिलफ्फात! आता ज्या प्रोग्रामरनं "एक असेल तर हे, नाहीतर शेवटी एस लाव" असं लिहून ठेवलंय त्याच्या प्रोग्राममध्ये ही अरबी बसणार कुठे? त्याला आधी हे कळायला पाहिजे, आणि ते त्याला इंग्रजीतच सांगावं लागतं. म्हणून इंग्रजी लागतंच, पण कुणाला? जो दुरुस्त करून घेणार आहे त्याला. पत्र लिहिणाऱ्याला कशाला?

ज्यांनी हे खालचं काम केलं त्यांची नावं कोणाला माहीत नसतात म्हणून लिहितो. दिशांचं गणित सोडवणारी फ्रिबिडी म्हणून लायब्ररी (इतर प्रोग्रामना वापरता येणारा तयार कोड) आहे, ती हिब्रू आणि फारसीवाल्यांच्या हातून वाढली. अक्षरं जोडणारं हार्फबझ, त्यामागे बेहदाद इस्फहबोद हा इराणी माणूस. नावच फारसी, हर्फ म्हणजे अक्षर, आपल्या जुन्या मराठीतला हरफ तोच, आणि बाज म्हणजे उघडा. आज फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइड, लिब्रेऑफिस सगळीकडे हेच. आणि इकडे लक्ष द्या, आपली पहिली वेलांटी टाइप करताना अक्षरानंतर येते पण दिसायला अक्षराआधी दिसते ना, ती उचलून पुढे नेऊन ठेवतो तोही हाच गडी. म्हणजे नाना, तुमचा हा इंग्रजीचा कैवार तुमच्या अँड्रॉइड फोनवर मराठीत नीट दिसतोय तोसुद्धा याच्याच कृपेनं. फॉन्टचं म्हणाल तर इजिप्तच्या खालिद होस्नीचा अमिरी, कैरोच्या बुलाक छापखान्यात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जे टाइप घडवले त्यावरनं केलेला, मुक्त परवान्याचा. मी अरबी वाचू शकत नाही तरी तो फॉन्ट नुसता बघत बसतो. (बायको म्हणते वेडा आहेस. नावच तसं घेतलंय.)

तर सातारकर, मेनूच्या भाषांतराला एक बैसाही देऊ नकोस, ते बहुतेक आधीच झालेलं आहे, नुसतं अरबी पॅक टाकायचं राहिलं असेल. पैसे पत्राच्या टेम्प्लेटवर, म्हणजे तयार साच्यावर, घाल. मंदूबला शेजारी बसव, त्याची नेहमीची आठ-दहा पत्रं घे, लिनक्सवर असलेल्या फॉन्टमध्ये नीट बसवून घे.

रोखठोक_नाना

फॉन्टवेडा, चहावाल्या काकांनी माझीच बाजू घेतली हे लक्षात आलं का तुमच्या? शब्द पाडू नका, जो आहे तो घ्या.

आणि एवढंच आहे तर प्रोग्रामिंगसुद्धा अरबीत करा ना मग. तिथे का इंग्रजी?

कॅम्पातला_मास्तर

नाना, तेही करून झालंय. २०१२ मध्ये रॅम्झी नासेर नावाच्या प्रोग्रामरनं कल्ब नावाची भाषा केली, सगळं अरबी लिपीत, कल्ब म्हणजे हृदय. चालते. पण त्यानं ती केली मुळात हे दाखवायला की बाकी सगळी यंत्रणा किती इंग्रजीत रुतलेली आहे. बाहेरची कुठलीही लायब्ररी घ्यायला गेलात की नावं इंग्रजीच.

रोखठोक_नाना

मग मी काय वेगळं सांगतोय? ज्यांना यात करिअर करायचंय त्यांनी इंग्रजी शिकावं.

पन्नाशीच्या मंदूबचं सोडून देऊ, तेवढं मी मागे घेतो. पण सातारकर, तुमच्याकडे त्या पाचांत वीस-पंचवीसची पोरं असतील तर त्यांना टेम्प्लेटवर बसवू नका. ती पोरं उद्या तुमच्या जागेवर बसायला पाहिजेत, त्यांचाच देश आहे. आणि तुमच्या जागेवर बसायचं तर इंग्रजी लागणार, हे फॉन्टवेड्यांनीच सांगितलं, मी नाही.

जुबेलची_ताई

नाना, हे पटलं. हे आधी म्हणाला असतात तर मी एवढं लिहिलं नसतं.

सोहारचा_सातारकर

तीन आठवड्यांनी येतोय, माफी. मध्ये ऑडिट होतं.

फॉन्टवेडादादा, तिरकी रेघ लागू पडली. मंदूबला सांगितलं तर तो म्हणाला मग पंधरा वर्षं मी आडवी मारतोय ती चूक होती का? म्हणलं चूक नाही, पण आता तिरकी. त्याला फारसं आवडलं नाही. पण पत्र खिडकीवर घेतलं.

अरबी पॅक खरंच आधीच तयार होतं, टाकायला दहा मिनिटं लागली, आणि मी सहा महिने हा प्रश्न डोक्यावर घेऊन फिरत होतो. ताई, तुमचं बोलणं लागलं थोडं, पण खरंय. मी मुद्दाम त्याच्या मशीनवर त्याचं खातं अरबी केलं आणि माझं वेगळं इंग्रजी ठेवलं. परवा तो खात्यातनं बाहेर न पडताच जेवायला गेला आणि मला प्रिंटर जोडायचा होता. पाऊण तास लागला. शेवटी चित्रं बघून केलं, नानांच्या नातीसारखं.

टेम्प्लेटं नऊ झालीत. सहा अमिरीत केली, तीन त्याला तो फॉन्ट "पुस्तकासारखा" वाटतो म्हणून दुसऱ्यात. तो शेजारी बसून बोट दाखवायचा आणि मी करायचो. त्यात मला एक कळलं की ओळ भरायला अरबीत शब्दांमधली जागा ताणायची गरज नाही, अक्षरंच ताणता येतात, अक्षरांमधली ती रेघ लांब होते. तो म्हणाला जुन्या पॅकेजमध्ये हे त्याला कधी नीट जमलं नव्हतं. पहिल्यांदा त्याच्या तोंडून या सॉफ्टवेअरबद्दल बरं ऐकलं, मी लगेच अरबाबला जाऊन सांगितलं.

एक नवीन तक्रार आलीय. कॅलेंडरमध्ये त्याला शनिवार-रविवार सुट्टी दिसते. आमच्याकडं २०१३ पासनं शुक्रवार-शनिवार आहे. भाषा अरबी केली तरी हे कसं काय?

फॉन्टवेडा

भाषा अरबी आणि देश कुठला निवडलास? बहुतेक अमिरात असेल, नाहीतर तारखांचा लोकेल (भाषा आणि देशाची एकत्र सेटिंग) अजून इंग्रजीचाच राहिला असेल. लोकेल अरबी-ओमान कर, मशीन परत सुरू कर. सुट्टी, रियालचे तीन दशांश, आठवडा कुठल्या वारानं सुरू होतो, सगळं त्याच्याबरोबर येतं. तरी चुकीचंच दिसलं तर कळव, मग ती मूळ यादीतली चूक, आपण मिळून कळवू.

रोखठोक_नाना

आणि क्लासचं काय झालं?

सोहारचा_सातारकर

तिघांनी नाव दिलंय, बॅच रमजाननंतर. उरलेल्या पैशात कीबोर्डवर चिकटवायचे अरबी स्टिकर आणले, स्वस्तातले होते, लाम हे अक्षर पहिल्याच आठवड्यात निघालं. लोकेल बदलून बघतो आणि सांगतो.